म्हाळू धारेला बसला

मी चांदरी बोलतेय. धर्मापुरीच्या शिवारातल्या म्हाळूच्या गोठ्यातली म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून चांदरी. आमच्या गोठ्यात जे घडलं त्याचा धसका माझ्या मनातून अजून गेलेला नाही. कुणाला तरी सांगावं म्हणून तोंड उघडलंय.

माझा जन्म घाटनांदूरकडचा. मी वगार होते, अजून व्याले नव्हते, तेव्हा म्हाळूनं मला विकत आणलं. आणलं त्यानं, पण माझा जीव जडला तो त्याच्या बायकोवर, साखराबाईवर. माझी पहिली धार तिनंच काढली. कासेवर पाणी मारायची, पाठीवर थाप द्यायची आणि म्हणायची, "चांदरे, सोड गं बाई." की मी पान्हा सोडायची. दुसऱ्या कुणाचा हात लागला की माझा पाय आपोआप उठायचा.

म्हाळू दिवसभर मेंढरांमागं रानात. माणूस वाईट नाही. माझ्या अंगावरच्या गोचिड्या तो स्वतः काढायचा. पण घरी आला की खाटेवर टेकायचा, आणि पाण्याचा तांब्यासुद्धा हातात यायला लागायचा. शेणघाण, धार, चूल, धुणं, पोरांचं दुखणंखुपणं, सगळं साखराबाईकडं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळीकडं असंच असतं, असं समजून मी रवंथ करत राहिले.

त्या सकाळी साखराबाई धारेला बसली. हातात जोर नव्हता. मधेच तिचं कपाळ माझ्या पोटाला टेकलं. दमली असेल, मला वाटलं. तोच दुधाची चरवी कलंडली आणि बाई माझ्या पायांत आडवी झाली. माशी हाकलायला मी पाय उचलला होता. खाली बघते तर तिचा हात. तो पाय तसाच अधांतरी धरून मी रेकले. अशी रेकले की म्हाळू मिसरीच्या तोंडानं धावत आला.

"साखरे! आगं ए, डोळे उघड की! धने, पाणी आण!" त्यानं लेकीला हाक दिली.

जीपमध्ये घालून तिला परळीला नेलं.

म्हाळू संध्याकाळी एकटाच परतला. दवाखान्यात साखराबाईची आई थांबली होती. शेजारचा बंकट अंगणात वाटच बघत होता. माझं दूध रोज त्याच्याच घरी जातं.

"काय म्हणले डाक्टर?"

"अंगात रगतच न्हाई म्हणले. लई दिसापासून उपाशीतापाशी काम करती, म्हणले." म्हाळू ओट्यावर बसला. "मला इचारलं, दूध बीध घेती का? म्या म्हणलं, घरी म्हैस हाय सायेब, दुधाला काय तोटा?"

थोरली लेक धनश्री धाकट्या लखनला कडेवर घेऊन दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आबा, माय दूध पीत न्हाई."

"आज न्हाई पेली आसंल."

"कवाच न्हाई. तुमचं काढून ठिवती, लखनला देती, बाकीचं बंकटकाकाला घालती. ती कोरा च्या पिती."

म्हाळू तिच्याकडं बघतच राहिला. "मंग मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारलं न्हाई."

माझ्या तोंडातला कडबा तोंडातच राहिला. एवढं दूध मी दिलं. सगळं हिच्या बोटांमधून गेलं, आणि घोटभरसुद्धा हिच्या पोटात नाही?

इकडं माझी कास तटलेली. म्हाळू चरवी घेऊन बसला, मी लाथ झाडली. पुन्हा बसला, पुन्हा झाडली. आत लखन दुधासाठी रडत होता, आणि मला काही पान्हा फुटेना.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना गोठ्यात साखराबाईची निळी साडी आली. चुलीच्या धुराचा, तिच्या तेलाचा वास आला. आली गं बाई, म्हणून मी मान वळवली आणि हबकलेच. पदराखाली मिशा! म्हाळू धोतरावरच साडी गुंडाळून आला होता. कासेवर पाणी मारलं, थाप दिली. "चांदरे, सोड गं बाई," म्हणाला. आवाज घोगरा, आणि रडवेला. माझा पाय उठला होता. तो मी खाली टेकवला.

चरवी अर्धी भरली तेव्हा बंकट भांडं घेऊन आला. आधी तो दारातच थबकला. मग खो खो हसला. "म्हाळू, बे! आता बांगड्या बी भर की!"

म्हाळूनं मानही वर केली नाही. "हास. आन घरी गेल्यावर बायकोला इचार, ती दूध पिती का."

बंकटचं हसू जागीच थांबलं. त्या दिवशी तो दूध न मागताच रिकामं भांडं घेऊन गेला.

मेंढरं म्हाळूनं चुलतभाऊ सोमनाथकडं सोपवली. आमची चूल अंगणातच, म्हणून मला सगळं दिसायचं. त्याची भाकरी काठवटीतच फाटायची. धनश्री सांगायची, "आबा, पाणी लई झालं." धुणं झालं की लखनला आंघोळ, ती झाली की भांडी, तोवर पुन्हा चूल. एकदा शेणाची पाटी उचलता उचलता तो मटकन खाली बसला.

"धने, माय हे रोज करती व्हय?"

"व्हय. धारा काढून झाल्यावर."

मग त्यानं पाटी पुन्हा उचलली.

साखराबाई घरी आली तेव्हा म्हाळू तिची साडी गुंडाळून धारेलाच बसला होता. ती भिंतीला धरून उभी राहिली.

"आवं, ही काय दशा! लोक काय म्हणतील? उठा, मी बसते."

"तू तितंच बस." त्यानं चरवीतलं पहिलं दूध पेल्यात ओतून तिच्यापुढं धरलं.

"आदी लखनला द्या."

"आदी तू."

तिनं इकडंतिकडं बघितलं, चोरी करत असल्यासारखं. दोन्ही हातांनी पेला धरला. माझ्या दुधाचा घोट तिच्या घशाखाली उतरताना मी पहिल्यांदा पाहिला.

आता साडी लागत नाही, म्हाळूचा हात मला ओळखीचा झालाय. सकाळची धार त्याची, चूलही त्याची. मेंढरं दुपारनंतर. मी मात्र आटत आलेय, चरवीचा तळ जेमतेम झाकतो. बापमाणसांनो, गोठ्यातल्या एका मुक्या जिवाचं एवढंच मागणं आहे. आपल्या घरची बाई पडेपर्यंत थांबू नका.

साखराबाईला अजून सवय झालेली नाही. पेला हातात आला की ती आधी पोरांकडं बघते. ती पिईपर्यंत म्हाळू तिथंच उभा राहतो. तोवर मीही रवंथ थांबवते.