रोटीच्या मटक्याजवळ

चुलीवरच्या उपड्या मटक्याच्या काळ्या पाठीवर पिठाचा एक ठिपका चिकटून राहिला होता — आधी पिवळा, मग तपकिरी... समीक्षा त्याच्याकडेच बघत होती. भावाच्या, अंकुशच्या सासरची माणसं जेवायला येणार, म्हणून बाबांना लांब रोट्याच हव्यात. आणि आईचा उजवा हात लकव्यानं गेल्यापासून नालवाडीच्या या घरात त्या करणारं दुसरं आहे कोण!

तळहात मटक्याजवळ नेऊन तिनं धग पाहिली. हेच तर तिचं बंगळूरचं संशोधन. तापलेल्या वस्तूची उष्णता लांबून पाहिली तर नुसता गोंधळ, हजार लहरी, कुणाचा कुणाशी मेळ नाही. पण काही पदार्थांच्या अगदी अंगाला खेटून, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर, त्याच लहरी एका तालात हलतात, एकच सूर धरतात. ते मोजायचा शेवटचा प्रयोग राहिला होता. त्यासाठी ती परत येणार की नाही, हे तिच्या मार्गदर्शक सरांना आज संध्याकाळपर्यंत कळायला हवं होतं. नाहीतर यंत्र दुसऱ्याला.

हॉस्टेलवरून घर किती उबदार वाटायचं... फोनवर बाबांचं करवादणं, अंकुशची टिंगल, आईची काळजी, सगळी सरमिसळ. आणि जवळ आल्यावर? एकच वाक्य. "आईले तुह्याच हातचं लागते, बेटा," बाबा म्हणाले. अंकुशनं तेच म्हटलं. शेजारच्या आनंदाबाई भाजी द्यायला आल्या, त्याही तेच. मेले ठरवून बोलतात की काय! ठरवूनही नाही, हीच तर चीड. कुणी दार अडवत नाही. मायेनंच गळा धरतात.

फक्त आई गप्प होती, आणि त्या गप्प राहण्यावर समीक्षा तग धरून होती. बाबांशी अबोला धरून तिला बंगळूरला पाठवलं होतं ते आईनंच. आईनं एकदा "जाय" म्हणावं, बस. बाकीच्यांना ती स्वतः बघून घेईल.

सैल कणीक कोपरापर्यंत लांबवून तिनं मटक्यावर टाकली.

"हात लवकर काढत जाय," बाजेवरून आई म्हणाली. "पोळून राह्यला तो."

"आई, सरले काय सांगू?"

आईनं डाव्या हातानं पदर सारखा केला. बराच वेळ लावला.

"नाई जमत म्हणून सांगून दे. मले दुसऱ्याच्या हातचं जात नाई."

रोटी सोडवून समीक्षानं घडी घातली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. बाबांचा राग यायचा तेव्हा त्यात कीव असायची, अंकुशचा यायचा तेव्हा थोडं हसू... आईचा मात्र निव्वळ आला, कशाचीही भेसळ नसलेला — आणि तो आता जायचा नाही, हेही तिला कळलं.

"तुले गरम वाढू का आत्ताच?" तिनं अगदी मऊ आवाजात विचारलं.