वारा पडेपर्यंत

"अजून खाली घ्या. अजून. हं, आता धरा."

पेंटरने फांदी धरली. शेंड्यावरचा गुलाबी झुबका बायकोच्या कॅमेऱ्यासमोर आला. दर वसंतात हेच: ती फोटो काढणार, तो फांदी वाकवून धरणार, आणि त्याची बोटं चौकटीच्या जरा बाहेर राहणार.

फोटो.

हलला.

"वारा आहे," ती म्हणाली.

"आहे खरा."

सगळं गाव त्याला पेंटरच म्हणायचं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा. शिडीवर चढून, पट्टी न लावता, एका दमात सरळ रेघ ओढायचा. अलीकडच्या रेघा तिने पाहिल्या नव्हत्या. पाहायचं टाळलं होतं. चहाचा कप मात्र तो दोन्ही हातांनी धरू लागला होता. थंडी आहे, म्हणायचा. आता थंडीही गेली होती.

उद्या शाळेची पाटी होती, पार वरच्या मजल्यावर. शिडी सकाळीच दाराशी आणून ठेवलेली.

फोटो.

हलला.

"तुम्हाला जरा स्वस्थ राहता येत नाही का हो?" तिच्या तोंडून निघून गेलं. तिने जीभ चावली. "फांदीला म्हणतेय."

"फांदीला कधीपासून अहो-जाहो करायला लागलीस?"

ती हसली. तोही हसला. फोटो. हलला.

बागेचा माळी पाण्याची नळी ओढत आला. "काय पेंटर, अजून उरकलं नाही?"

"वारा पडू दे की," तीच घाईने म्हणाली.

"वारा? कुठला वारा, वहिनी? सकाळपासून पान हललेलं नाही."

नळी खरखरत पुढे गेली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. झाडाखाली पाकळ्यांचा सडा पडला होता. एकही पाकळी जागची हलत नव्हती. इतर फांद्या भिंतीवर रंगवल्यासारख्या. त्याच्या हातातली तेवढी थरथरत होती, आणि तिची फुलं एकेक करून त्याच्या बाहीवर गळत होती.

तिने कॅमेऱ्याची काच पुसली. स्वच्छच होती.

"शाळेत..." त्याने घसा खाकरला. "शाळेत निरोप दे. उद्या जमणार नाही म्हणावं. वारा फार आहे. शिडीवर वाऱ्याचं काही खरं नसतं."

"देते."

"परवाही असेल."

"असू दे."

"सोडू आता फांदी?"

"नका सोडू. धरा तशीच."

ती एक पाऊल मागे सरली. यंदा पहिल्यांदाच तिने बोटं चौकटीत घेतली. नखांच्या कडांना जुना निळा रंग होता.

फोटो.

हलला.

"आला का नीट?" त्याने विचारलं.

"आला," ती म्हणाली, आणि कॅमेरा बंद केला.