खरवडलेला ठिपका

मी एक नकाशा आहे. कागदाला तोंड फुटलं म्हणून हसू नका. शंभर वर्षं दाबून ठेवलेलं कधी ना कधी बाहेर येतंच. आणि खोटं कशाला बोलू, मी काही मिरवायला उभा नाही. लाजेनं अर्धा झालोय, म्हणून सांगतोय.

जन्म माझा इथलाच, कागजीपुऱ्याचा. चिंध्यांचा लगदा, हौदातली बुचकळी, भिंतीवरचं वाळवण आणि मग हात दुखेस्तोवर घोटाई. माझ्या भावंडांच्या वह्या झाल्या, दस्तऐवज झाले. मला विकत घेतलं गंगापूरच्या धोंडिबानं. तो मुंबईत गोदीजवळच्या एका सरकारी कचेरीत नकाशानवीस होता, म्हणजे साहेबानं मोजायचं आणि यानं काढायचं. विलायती कागद पावसाळ्यात बुरसतो, आपलाच बरा, असं म्हणत त्यानं मला गुंडाळून नेलं. तोवर समुद्र कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं.

इंग्रज सरकारला तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावर नवे दिवे उभारायचे होते. माझ्यावर किनारा उतरला, पाण्याची खोली आकड्यांत उतरली, आणि जिथं दिवा हवा तिथं धोंडिबानं लाल ठिपका दिला. तीन दिवे, तीन ठिपके. तिसरा ठिपका एका चोरट्या खडकावर होता. भरतीला तो दिसायचा नाही, ओहोटीला तेवढा कासवासारखा पाठ वर काढायचा.

तो खडक दाखवला हिराजी तांडेलानं. जवळच्या कोळीवाड्यात त्याचा शिडाचा मचवा होता. धोंडिबा आठ दिवस त्याच्याच घरी राहिला, त्याच्याच ताटात जेवला. हिराजी दोन वर्षांसाठी अख्खं घरदार घेऊन काठेवाडकडं माल वाहायला निघाला होता.

धोंडिबा त्याला म्हणाला, "तू येशील तवर खडकावर दिवा उभा राहील. दिवा दिसला की उजव्या हाताला ठेवायचा आणि बिनघोर आत यायचं. काही बदललं तर वेरावळच्या पेढीवर कार्ड टाकतो."

"टाका हां साहेब," हिराजी म्हणाला. नकाशानविसाला साहेब म्हणणारा तो पहिलाच. धोंडिबाला ते लई आवडलं.

पण दिव्याला पैसा लागतो, आणि तो यायचा दिवेपट्टीतून. बंदरात शिरणाऱ्या जहाजानं आपल्या आकारमानाप्रमाणं पट्टी भरायची. आगबोटींची पट्टी मोठी, कोळ्यांच्या मचव्याला माफी. माफी ऐकायला गोड वाटते, पण जो पट्टी भरत नाही त्याला विचारतो कोण? आगबोटवाल्यांनी कळवलं, आमची वाट त्या खडकाजवळून जातच नाही, तिसरा दिवा दक्षिणेच्या टोकावर द्या. दिव्यांच्या सरकारी कमिटीनं माना डोलावल्या. धोंडिबा चाचरत म्हणाला, मग खडकावर निदान एक बोया तरी सोडा. बोया म्हणजे साखळीनं तळाला बांधलेलं तरंगतं लोखंडी पिंप. उत्तर आलं, पुढच्या साली बघू.

त्या दुपारी धोंडिबानं चाकूच्या टोकानं माझ्यावरचा तिसरा ठिपका खरवडला, कवडीनं ती जागा घोटून गुळगुळीत केली आणि टोकावर नवा ठिपका दिला. साहेब म्हणाला, काय सफाई आहे! आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण मीसुद्धा खूष झालो. माझा गाल कसा आरशासारखा चमकतोय, याचंच मला कौतुक. त्या गालावर कुणाचं घरदार विसंबून होतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

कार्ड मात्र गेलं नाही. तीनदा लिहायला घेतलं त्यानं, माझ्याच अंगावर ठेवून. 'हिराजीस राम राम' एवढं लिहायचा आणि थांबायचा. ज्याच्या ताटात जेवलो त्याला काय तोंडानं सांगू, की तुझा दिवा मीच पुसला? उद्या लिहू म्हणायचा. लाजेला उद्या फार. टोकावरचा दिवा बघता बघता उभा राहिला आणि पेटलासुद्धा.

दोन वर्षं सरली आणि पावसाळ्याच्या तोंडावर एक माणूस कचेरीत आला. हिराजीचा धाकटा भाऊ, त्याच्या मचव्यावरचा एकटाच वाचलेला. ओरडला नाही, रडला नाही. माझ्यावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, वादळ होतं, पण दिवा दिसला हो. तुम्ही सांगितलं तसाच उजव्या हाताला ठेवून मचवा हाकला."

टोकाचा दिवा उजवीकडं ठेवून आत शिरायचं म्हणजे थेट खडकावर. हिराजी गेला, त्याची बायको गेली, लेकरं गेली. नऊ माणसं. दिवा नसता तर हिराजी बाहेरच थांबला असता. आमच्या गप्प बसण्यानं त्याला बोलावून मारलं.

महिन्याभरात धोंडिबानं नोकरी सोडली आणि मला घेऊन गंगापूरला आला. घरी सांगितलं, समुद्राची हवा मानवली नाही. मला पत्र्याच्या नळकांड्यात घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. दर साली एकदा बाहेर काढायचा, उलटा पसरायचा आणि माझ्या पाठीकडं बघत बसायचा. पुढचं तोंड त्यानं मरेपर्यंत पाहिलं नाही.

तो गेल्यावर त्याच्या मुलानं मला काच घालून भिंतीवर चढवलं आणि पाहुण्यांना सांगू लागला, आमच्या वडिलांनी समुद्रात दिवे लावले. नातू नानासाहेब त्याच्यापुढचा. 'दिवे लावले'चं त्यानं 'हजारो जीव वाचवले' केलं. गंगापूरचं घर सुटलं, शहरात फ्लॅट झाला, मी दिवाणखान्यात आलो. चहा घेता घेता लोक म्हणायचे, वा! मी काचेमागं ऐकत राहायचो. मनाची नाही तर जनाची तरी लाज असावी. मला दोन्ही होत्या, पण तोंड नव्हतं.

यंदा औरंगपुऱ्यातल्या एका वाचनालयानं जुन्या कागदांचं प्रदर्शन ठरवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे नानासाहेब मला मांडीवर घेऊन रिक्षातून गेले. तिथं करुणा नावाची मुलगी कागदांची निगा राखते, मोडी वाचते. तिनं काच काढली, बॅटरीचा उजेड आडवा धरला आणि म्हणाली, "काका, इथं काहीतरी खरवडलंय."

"डाग असंल."

"डाग नाय. कुणीतरी लई जीव लावून घोटलंय." मग तिनं मागचा पुठ्ठा काढला. माझ्या पाठीवर धोंडिबाची मोडी होती. तिनं ती हळूहळू वाचली. नऊ नावं, आणि खाली तीन ओळी: 'दिवा हलवला. मी कळवलं नाही. लाजेपायी कळवलं नाही.' कोण हिराजी, कसलं कार्ड, सगळं बारीक अक्षरात कडेनं लिहिलेलं होतं.

नानासाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. सोबत आलेली सून, मोनिका, दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, पत्रिका वाटून झाल्यात. सगळे पाहुणे येणारेत. पाठ कोण बघतंय? होतं तसं बसवा."

"बसव," नानासाहेब करुणाला म्हणाले.

"बसवते. पण 'हजारो जीव वाचवले' ही पाटी मी लिहिणार नाय, काका. दुसऱ्या कुणाकडनं लिहून घ्या."

ते उठून गेले. मी पुन्हा काचेत गेलो. मला वाटलं, झालं, आणखी शंभर वर्षं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, पण आमच्या घरी तर तीन पिढ्या उजाडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच आले. दाढी वाढलेली. करुणाला म्हणाले, "दोन दिवस मी घरात कुणाशी बोललो नाय, पोरी. सून विचारती काय झालं, तर म्हणतो पित्त झालं. आजा म्हणला समुद्राची हवा, मी म्हणतो पित्त." खुर्चीवर बसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "याला उलटा लाव. आणि ती नावं मला साध्या अक्षरात लिहून दे, मोठी."

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. नानासाहेब माइकपुढं उभे राहिले. कागद हातात होता, तरी पहिल्या नावाला अडखळले. मोनिका पहिल्या रांगेत पदर चाचपत बसली होती. नऊच्या नऊ नावं वाचून झाल्यावर ते म्हणाले, "माझ्या आजानं यांना वाचवलं नाय. एक कार्ड टाकायचं होतं, ते लाजून टाकलं नाय. परवा मीपण लाजून काच लावून घेतली होती. माझ्या घरात हे आता चौथ्या पिढीला जायला नको."

टाळ्या वाजल्या नाहीत. शंभर वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून कुणी वा म्हटलं नाही.

आता मी तिथंच आहे, भिंतीकडं तोंड करून, पाठ तुमच्याकडं. नऊ माणसं परत येत नाहीत, म्हणून माझी लाजही जाणार नाही, आणि जाऊ नये. आलात तर नावं वाचा. आणि कुणाला दिलेला शब्द तुमच्या हातून हलला असेल, तर मेहेरबानी करा, तोंड लपवून बसू नका. आधी कळवा. मग जन्मभर लाजा.