सरायीतली काजळी

सासऱ्यांना इतिहासाची भारी हौस. म्हणजे पाटी दिसली की मोठ्याने वाचायची आणि मग तेच आम्हाला समजावून सांगायचं. सकाळी टेकडीवरच्या किल्ल्यात त्यांनी दोन तास उन्हात आमची तंगडतोड केली. वर काय, तर चार पडके बुरूज, एक तोफ आणि तिच्यावर बसून फोटो काढून घेणारी माणसं. त्यांत माझी बायकोही. उतरताना आईचे गुडघे बोलायला लागले.

तरी ती आली होती, कारण खाली जुनी सराय होती. तिथल्या एका खोलीत आईने सतरा वर्षं संसार केला. पडक्या सरायीत तेव्हा आमच्यासारखी तीस-चाळीस बिऱ्हाडं राहायची. पुढे दुरुस्तीच्या नावाखाली सगळ्यांना हुसकावलं. ती खोली एकदा बघायची, एवढंच तिचं मागणं. मी मात्र लग्न ठरताना सासरी थाप मारून बसलो होतो, की गावात आमचं स्वतःचं मोठं घर होतं. त्यामुळे निघताना आईला बजावलं, "तिथे काही बोलू नकोस."

सरायीत आता तिकीट, गुळगुळीत फरशी आणि कोपऱ्यात भुसा भरलेला उंट. गाईड तोंडाला येईल ते ठोकून देत होता. नेमकं आमच्याच खोलीत नेऊन त्याने भिंतीकडे बोट दाखवलं.

"ही काजळी बघा! चारशे वर्षांपूर्वी इथे उतरलेल्या व्यापाऱ्यांच्या शेकोट्यांची. आम्ही मुद्दाम पुसलेली नाही."

शेकोट्या म्हणे! आमच्या स्टोव्हचं काळं होतं ते. दर वर्षी आई स्टुलावर चढून घासायची आणि दर वर्षी हरायची. आणि सासरे मान डोलावत "वा, वा" करत होते. बिनडोक माणूस.

आईची नजर तिथून हलेना. तिने हात पुढे केला.

"आजी, हात नका लावू," गाईड खेकसला. "ऐतिहासिक आहे ते."

"काय बघताय एवढं, विहीणबाई?" सासऱ्यांनी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिने एक शब्द काढला असता तर माझं पितळ उघडं पडलं असतं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"काही नाही," ती म्हणाली. "किती घाण करून ठेवली हो त्या व्यापाऱ्यांनी. सोबत कुणी बाईमाणूस नसेल."

सासरे खो खो हसले. लाजेने माझे कान तापले होते, तरी त्यांच्याहून मोठ्याने मी हसलो.