बिनसाखळीची वेलांटी

अण्णांनी चाळीस वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून काढली. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा त्यांना पगार मिळत असे. निवृत्त झाल्यावर तेच काम ते फुकट करू लागले. सुनेने किराण्याची यादी लिहिली की ती लाल शाईने तपासून परत यायची. त्यातून मुलगा पाट्या रंगवणारा. सगळे त्याला पेंटर म्हणत. गावभर ऱ्हस्व-दीर्घाचे मुडदे पाडायचं कंत्राट आपल्याच पोराने घेतलंय, असं अण्णांचं ठाम मत होतं. बापलेक एका घरात राहत, एका अवघडलेल्या शांततेत जेवत आणि आपापल्या खोलीत जात.

अण्णांनी घरात ज्या एकाच जिवाची चूक कधी काढली नाही, ती त्यांची कुत्री. शेपटी वर वळलेली, म्हणून नाव वेलांटी. पेंटरने एकदा गमतीने विचारलं, पहिली की दुसरी? अण्णांनी दहा मिनिटं गंभीरपणे समजावून सांगितलं.

ही वेलांटी साखळीशिवाय चालायची. भर बाजारातून, खाटकाच्या दुकानावरून, अण्णांच्या डाव्या पायाला अगदी लागून. ते थांबले की थांबायची, ते वळले की वळायची. कुणी विचारलं, हे कसं शिकवलंत, तर अण्णा एकच शब्द बोलत : शिस्त.

मग एका सकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. वाचा हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले. तोवर कुत्रीला फिरवणं पेंटरच्या गळ्यात पडलं.

घरात साखळी नव्हतीच. तो तशीच तिला घेऊन निघाला. फाटक उघडायचा अवकाश, वेलांटी थेट खाटकाच्या दुकानात. पेंटरने तिला उचलून घरी आणलं, हातभर ओरखडे घेऊन. दुसऱ्या दिवशी त्याने साखळी विकत आणली, तर तिने रस्त्याच्या मधोमध बसकण मारली. तो बिस्किटं घेऊन गेला. ती तिने खाल्ली आणि चालती झाली. शेवटी त्याने अण्णांसारखा आवाज काढून ‘शिस्त!’ म्हणून पाहिलं. समोरून येणारे एक गृहस्थ दचकून फुटपाथवर चढले. वेलांटीने मान वळवूनही पाहिलं नाही.

हे सगळं अण्णा खिडकीतून बघत होते. त्यांनी खुणेने कागद मागितला आणि डाव्या हाताने काहीतरी गिरवलं. काही युक्ती असेल म्हणून पेंटर धावत आला. कागदावर मुद्रितशोधकाची एकच खूण होती : हे वगळा.

कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयातून सगळा रस्ता दिसतो. पेंटर दाढीला बसला आणि त्याने न्हाव्याला विचारलं, अण्णा तिला नेमका काय हुकूम द्यायचे?

“हुकूम कसला?” न्हावी म्हणाला. “ते बोलत असायचे. निघाल्यापासून घरी जाईपर्यंत, हळू आवाजात. ती बिचारी ऐकायला म्हणून चिकटून चालायची.”

“काय बोलायचे?”

न्हाव्याने वस्तरा बाजूला धरला. “तुझ्याबद्दल, दुसरं काय? तुझ्या एकेका पाटीपुढे थांबायचे. माझ्या पाटीवर तू ‘आधूनिक’ लिहिलंयस ना, ते रोज तिला दाखवायचे. धु ऱ्हस्व हवा होता म्हणायचे. आणि मग म्हणायचे, पण अक्षराचं वळण बघ. हे मला जन्मात जमलं नसतं.”

दाढी होताच पेंटर बाहेर येऊन त्या पाटीखाली उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो फाटकातून बाहेर पडला आणि लाजत लाजत म्हणाला, आज ढग आलेत. वेलांटी निघून गेली. हवापाण्यात तिला रस नव्हता. पेंटरचं डोकं फिरलं आणि तो तिच्यामागून चालत अण्णांबद्दल बोलू लागला. वसतिगृहातून आपण पाठवलेलं पहिलं पत्र, घरची आठवण येते म्हणून लिहिलेलं, अण्णांनी सतरा दुरुस्त्या करून कसं परत पाठवलं. वेलांटी थांबली. कान टवकारून मागे आली आणि त्याच्या डाव्या पायाला लागून चालू लागली. औषधाच्या दुकानापर्यंत पेंटर दहावीच्या निकालाला पोचला होता.

पंधरा दिवसांत ती त्याच्याबरोबर गोंदाने चिकटवल्यासारखी चालू लागली. लोक म्हणाले, बापाची शिस्त उतरली हो पोरात. खिडकीतून अण्णा मान डोलावत. सून म्हणाली, तुमच्या एखाद्या कामावर मामंजी खूश झालेले मी पहिल्यांदाच बघतेय. काय बोलून कुत्री वश केली, ते पेंटरने तिलाही सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी अण्णांची जीभ जड का होईना, वळू लागली. हातात काठी आली. रोज चालायचंच, असं डॉक्टरांनी बजावलं. मग तिघं निघाले.

आणि इथे पंचाईत झाली. अण्णा गप्प, पेंटर गप्प. ज्याच्याबद्दल बोलायचं तोच शेजारी चालत होता. वेलांटीने आधी याच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि खाटकाच्या दुकानाची वाट धरली. दोघांनी हाका मारल्या. ती गेलीच.

अण्णा काठीवर रेलले. कुणाकडेही न बघता, खालच्या आवाजात म्हणाले, “सांग त्याला... आधुनिकचा धु... ऱ्हस्व.”

वेलांटी दुकानाच्या पायरीवर थबकली.

पेंटर समोर बघत म्हणाला, “सांग त्यांना, गिऱ्हाइकाने तसंच लिहून दिलं होतं.”

“सांग त्याला, गिऱ्हाइकाला... कळत नसतं.”

“सांग त्यांना, पत्रात लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय, तेही काहींना कळत नसतं.”

अण्णांनी काठी पुढे टेकली. “सांग त्याला,” ते म्हणाले, “ते मी... परत पाठवायला नको होतं.” तोवर वेलांटी येऊन दोघांच्या मधोमध चालू लागली होती.

तेव्हापासून तिघं रोज तासभर फिरतात. पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ आपला दांडगा कुत्रा घेऊन पेंटरकडे आले. तो साखळी तोडून पळतो, त्याला असं चालायला शिकवा, म्हणाले.

“घरात कुणाशी तुमचं पटत नाही?” पेंटरने विचारलं.

गृहस्थांना राग आला. आमच्या घरात सगळं उत्तम आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

“मग अवघड आहे,” पेंटर म्हणाला.