टाकीखालचं महाबळेश्वर

पन्नास वर्षं फोटो काढले मी. लग्नं, बारशी, पासपोर्ट, मेलेल्या माणसांचेसुद्धा. त्यात एकच असा निघाला की वाटलं, बन्सी, जमलं बाबा तुला. आणि नेमकं त्याच फोटोखाली मला माझं नाव टाकता आलं नाही.

म्हातारपणी हे मी उकरून काढलेलं नाही. काकासाहेबाच्या नातीनं काढलं. काकासाहेब माझा दोस्त, दोन वर्षांमागं गेला. नातीचं नाव आवडा, पणजीचं ठेवलेलं; घरात सगळे आवडी म्हणतात. क्रांती चौकापाशी माझ्या पुतण्याचं फोटोचं दुकान आहे, तिथं मी रोज सकाळी जाऊन पुतण्याच्या चुका काढत बसतो. तिथं ती आली.

"बन्सीआजोबा, मला आपल्या औरंगाबादेतल्या अशा जागा दाखवा, जिथं कुणी फोटो काढत नाही. प्रदर्शन भरवायचंय. मकबरा नको."

मकबरा नको म्हणली आणि पोरगी मला आवडली. मकबऱ्यापुढं बकरी उभी केली तरी चांगली दिसती, त्यात फोटोवाल्याची काय करामत? आमच्या काळातबी गिऱ्हाईक मकबराच मागायचं. मी मात्र सायकल घेऊन गल्लीबोळ धुंडायचो. कुठल्या भिंतीवर किती वाजता ऊन येतं, हे मला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ होतं. बायको त्यावरून लई बोलायची.

चार दिवस आवडीच्या स्कुटीवर मागं बसून हिंडलो. कापसाच्या जिनिंगची पडकी भिंत सापडली. बंद टॉकीजच्या मागचा लोखंडी गोल जिना सापडला. बाकी निम्म्या जागांवर अपार्टमेंट उभे. त्या जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. पोरीनं बघितलं आणि मला बसायला पायरी झाडून दिली. शहाणी आहे.

चौथ्या दिवशी चहा पिताना म्हणली, "आजोबा, एक जुना फोटोबी पाहिजे. तुम्ही काढलेला. लोक म्हणले पाहिजेत, अरे, हे आपल्या गावातलं?"

माझ्या जिभेवर आलं होतं. चहाबरोबर गिळलं. शपथ होती ना.

ती शपथ त्र्याहत्तर सालची. दुष्काळ असा की झाडाची सावलीसुद्धा वाळलेली. काकासाहेबाचं नवं लग्न. सासुरवाडी लासूर स्टेशनची, अन् या बहाद्दरानं मांडवात सासऱ्याला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "तुमच्या लेकीला महाबळेश्वर दाखवतो." झालं. लासूरभर बोभाटा. आणि काकासाहेब दुष्काळी कामावर कारकून. साहेबानं रजाच रद्द केली. माझ्याकडं आला तेव्हा तोंड एवढंसं झालेलं.

"बन्सी, ती काही म्हणत नाय रे. पण लासूरला लोक तिला रोज विचारतात, कधी जाणार म्हणून. काहीतरी कर."

मी दोन दिवस सायकल हाणली. सगळं गाव करपलेलं, हिरवं आणायचं कुठून? शेवटी आपल्याच गावच्या स्टेशनात सापडलं. इंजनात पाणी भरायची मोठी टाकी होती, निजामाच्या वेळची, कायम गळायची. तिच्या खालची भिंत तेवढी चार हात हिरवीगार, शेवाळ आणि नेचे लोंबलेले. आसपासच्या बाया तिथं हंडे लावून बसायच्या. हिरवं मिळालं. धुकं राहिलं.

धुकं कमरोद्दीननं दिलं. इंजनावर फायरमन होता, माझा पतंगाचा जोडीदार. म्हणला, "बन्सीभाई, भाप छोड़तूँ मैं. लेकिन एकीच बार. ड्रायवर देखा तो मेरी छुट्टी."

सकाळी आठला काकासाहेबामागं वच्छलावहिनी नवी साडी नेसून रुळांतून चालत आल्या. बायांनी हंडे बाजूला सारले आणि पदर तोंडाला लावून हसत बसल्या. कमरोद्दीननं वाफ सोडली. पांढरीशुभ्र वाफ भिंतीवरून उतरली, वहिनी दचकून काकासाहेबाकडं सरकल्या, त्यानं हात धरला, आणि मी बटण दाबलं. दुसरा फोटो काढायची गरजच नव्हती.

"महाबळेश्वरच्याच फोटोवाल्यानं काढला म्हणून सांगायचं," काकासाहेब म्हणला. "तुला आईची शपथ, बन्सी." एक फ्रेम लासूरला गेली, एक त्याच्या घरात लागली. माझ्यादेखत पाहुणे म्हणायचे, "काय हात असतो बघा तिकडच्या फोटोवाल्यांचा." मी मान डोलवायचो. जळायचं काळीज, पण मान डोलवायचो.

तर आता आवडीनं मला पुंडलिकनगरला घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर तोच फोटो घेऊन आली, फ्रेमबाहेर काढलेला.

"आजोबा, प्रदर्शन झालं की मी आजीला महाबळेश्वरला नेणार आहे. याच जागेवर उभी करून फोटो काढायचाय. पण जागा कुठली ते आजी सांगतच नाही. आणि हे बघा." तिनं खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "महाबळेश्वरला हा हंडा कुणाचा?"

पितळी हंड्याचा काठ. छापताना माझ्या ध्यानात आला होता, म्हणून फ्रेमला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी मीच लावली होती. पन्नास वर्षं ती पट्टी टिकली, आणि पोरीनं पाच मिनिटांत काढली.

आता बघा. माझा फोटो, माझं गाव, प्रदर्शन भरणार, आणि विचारणारी समोर बसलेली. एक शब्द बोललो असतो तर जन्माची भूक भागली असती. पण भिंतीवर हार घातलेला काकासाहेब माझ्याकडंच बघत होता. मेलेल्या माणसाला नातीपुढं खोटा पाडू?

"महाबळेश्वरलाबी बाया पाणी भरतातच की," मी म्हणलं. "पॉइंटाजवळचा झरा असंल. तिथल्या माणसानं बरा काढलाय फोटो."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला भांड्याचा फेस तसाच.

"कशाला खोटं बोलता, बन्सीभाऊ? आवडे, हे आपल्या स्टेशनातलं हाय. आन् फोटो यांनी काढलाय."

"वहिनी, मला शपथ आहे."

"तुम्हाला हाय. मला कुणी घातली नव्हती."

त्यांनी सगळं सांगितलं, कमरोद्दीनसकट. आवडी आधी हसली, मग फोटो पुन्हा हातात घेऊन बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं स्टेशनाला गेलो. मालधक्क्याच्या बाजूनं आत शिरलो. ब्रॉडगेजचे मोठे रूळ आले तेव्हाच टाकी पाडलेली. भिंत मात्र होती, कोरडी ठणठणीत, वर पान खाऊन थुंकलेलं. पाइपाचं गंजकं कडं तेवढं शिल्लक. मी कड्याखाली बोट दाखवलं. वहिनींना दाखवायची गरज नव्हती, त्या माझ्याआधीच तिथं पोचल्या होत्या.

"जुन्या फोटोखाली काय लिहू, आजी?" आवडीनं कॅमेरा काढत विचारलं.

"जे हाय ते लिही. औरंगाबाद स्टेशन, पाण्याची टाकी. आन् बन्सीभाऊंचं नाव टाक."

"कमरोद्दीनचंबी टाक," मी म्हणलं. माझा आवाज चिरकला, म्हणून रागावल्यासारखं केलं. "वाफ त्याची होती. एकट्याचं नाव कसं चालंल?"

"पण मग महाबळेश्वर राहिलंच की गं तुझं," आवडी म्हणली.

"राहिलं कुठं? नव्वद साली नेलं की तुझ्या आज्यानं. खरंखुरं. तीन दिवसांसाठी नेलं आन् दुसऱ्याच दिवशी मी म्हणलं, चला घरी." वहिनींनी भिंतीवरची धूळ पदरानं पुसली. "धुकं लई व्हतं तिथं. पण ते आपलं आपण पडलेलं. कुणी माझ्यासाठी पाडलेलं नव्हतं."

मग त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. आवडी म्हणणार होती, आजी, जरा मधे ये. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनी बरोबर उभ्या होत्या. उजवीकडं एका माणसाची जागा सोडून, हात थोडा पुढं करून.