मागची हवा

मामाने आयुष्यात जितक्या वेळा "तासाभराचं काम आहे" म्हटलं, तितक्या वेळा ते खरंच तासाभरात झालं असतं, तर गावात त्याच्याइतका रिकामा माणूस दुसरा सापडला नसता. गाड्यांच्या वायरिंगच्या धंद्यात असं सगळेच म्हणतात आणि गिऱ्हाईकही ते मनावर घेत नाही. पण त्या दिवशी पहाटे पाचला त्याने हे वाक्य आपल्या सख्ख्या बहिणीला ऐकवलं, आणि तिने ते मनावर घेतलं. तिथेच सगळं फिसकटलं.

ताईच्या मुलीला, म्हणजे मामाच्या भाचीला, सहा वर्षांपूर्वीच्या अपघातात मानेला मार लागला होता. मानेखालचं अंग गेलं. उरली उजव्या हाताची दोन बोटं. त्या दोन बोटांवर ती चाकांची खुर्ची चालवायची, कॉम्प्युटरवर नकाशे काढायची आणि मामाला खोड्याळ निरोप पाठवायची. अशा माणसाला घाम येत नाही. ऊन वाढलं की तिचं अंग चुलीवरच्या भांड्यासारखं तापत जाई आणि उतरायचं नाव घेत नसे. आता तिच्या मानेत तेव्हा बसवलेली धातूची पट्टी सरकली होती आणि महिनाभर ती दोन बोटंही बधिर होत चालली होती. ते ऑपरेशन करणारा डॉक्टर मोठ्या इस्पितळात वर्षातून दोनदाच यायचा. कुणाचा तरी नंबर रद्द झाला आणि आदल्या संध्याकाळी फोन आला: उद्या संध्याकाळी सहाच्या आत भरती व्हा, परवा सकाळी ऑपरेशन. अंगात ताप असला तर मात्र हात लावणार नाही.

रस्ता पाच तासांचा, सगळा उघडा माळ. म्हणून पहाटे निघायचं ठरलं. गाडीतल्या मागच्या सीटा काढून तिथे खुर्ची बसवायची सोय केलेली होती, आणि खुर्ची वर घ्यायला मागच्या दाराशी लिफ्ट होती. पुढची थंड हवा तिथवर पोचत नाही, म्हणून मागच्या छताला वेगळा ब्लोअर आणि बाजूच्या पत्र्यावर त्याची वेगळी बटणं. पाचला भाचीला चढवलं, दार लावलं, आणि मागून भट्टीसारखी गरम हवा यायला लागली. बटणं पेटलेली, आकडा अठराचा, आणि हवा गरम.

भावोजी म्हणाले, खिडक्या उघडून असेच निघू, उन्हं चढायच्या आत निम्मा रस्ता कापू. मामा म्हणाला, तासाभराचं काम आहे. ताईने भावाचं ऐकलं.

भाचीला उतरवून गाडी घराशेजारच्या गॅरेजात आणली, तर हवा गार. मामाने सगळं तपासलं आणि गरम-गार हवा मिसळणाऱ्या झडपेच्या मोटरवर बोट ठेवलं. ती कधीकधी अडकते. दुसरी घातली. सातला पुन्हा चढवलं. दार लावेपर्यंत गार, मग गरम. उतरवलं. मग तापमान मोजणारा सेन्सर बदलला, बटणांची पाटी उघडून साफ केली, एका भंगारातल्या गाडीची पाटी लावून पाहिली. मीटर लावला की प्रत्येक वायरीवर पूर्ण साडेबारा व्होल्ट. साडेनऊला हवा गार. चढवलं. गरम.

"आज तीनदा आम्हाला मामा बनवून झालं," भावोजी म्हणाले. हसले मात्र नाहीत.

 ताई टॉवेल ओले करून मुलीच्या मानेवर, मनगटांवर ठेवत होती आणि दर अर्ध्या तासाने थर्मामीटर लावत होती. सदतीस चार. सदतीस सात. अडतीस. तिने एकदा जरी तोंड सोडलं असतं तरी मामाला बरं वाटलं असतं.

दहा वाजता त्याने धंद्यातल्या एका जाणत्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, अख्खं युनिट बदल, आठवड्यात मागवून देतो. मामाने फोन ठेवला आणि गॅरेजामागच्या पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला. दुसरी गाडी करावी, तर ही खुर्ची कुठल्याच गाडीत मावत नव्हती, आणि खुर्चीशिवाय तिची मान सावरणार कोण? त्याला पहिल्यांदाच वाटलं, आपल्याला हे काम येत नाही. कधी येतच नव्हतं. नशिबाने इतकी वर्षं सोपे बिघाड वाट्याला आले. एकदा वाटलं ताईला सांगावं, माझ्या हातून होत नाही. पण त्यानंतर तिने काय करायचं, हे त्याला सांगता येणार नव्हतं. म्हणून तो पुन्हा आत गेला आणि तपासलेलीच वायर पुन्हा तपासायला लागला.

साडेअकराला भाचीने हाक मारली. तिचे गाल लाल झाले होते.

"मामा, राग येऊ देऊ नकोस. पण मला चढवलं की बिघडतंय. उतरवलं की बरं होतंय."

"योगायोग असतो."

"तीन वेळा? गाडीला माझा काय एवढा राग आहे?"

"लिफ्टचा आणि हवेचा संबंध नाही. लिफ्टला मी बॅटरीवरून वेगळी लाइन आणलीय, जाड केबल. ते काम मी स्वतः केलंय."

"म्हणून तर विचारतेय," ती म्हणाली. "मी वर असताना तू एकदाही काही मोजलं नाहीस. मला उतरवतोस आणि मग मोजतोस."

मामाला झोंबलं. पण ती सांगत होती ते खरं होतं. तिला उन्हात बसवून ठेवायला नको, म्हणून तो प्रत्येक वेळी आधी तिला उतरवून घ्यायचा, गाडी सावलीत आणायचा, आणि तोवर बिघाड निवून गेलेला असायचा. तो म्हणाला, तुझ्याऐवजी वजनाला काहीतरी ठेवून बघतो. ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सकाळपासून पहिलं वाक्य बोलली.

"पाऊणला नाही निघालो तर पोचत नाही. तिला आता चढवायचीच आहे. शेवटचीच चढव."

लिफ्ट कुरकुरत वर गेली. दोन मिनिटांत मागून गरम हवा आली. मामाने या खेपेला मीटर बाजूला ठेवला आणि जुनी टेस्ट लॅम्प काढली. दोन वायरींना जोडलेला हा साधा बल्ब व्होल्ट सांगत नाही. पण मीटर वायरीवर बोजा टाकत नाही, बल्ब टाकतो. नाममात्र टेकलेली वायर मीटरला ठणठणीत वाटते आणि बल्बपुढे उघडी पडते. बटणांच्या पाटीला येणाऱ्या जिवंत वायरीवर एक टोक आणि उघड्या पत्र्यावर दुसरं: बल्ब लख्ख. दुसरं टोक पाटीच्या काळ्या वायरीवर, जी करंट परत पत्र्यात नेऊन सोडते: बल्ब निखाऱ्यासारखा लाल, मिणमिणता.

तो काळ्या वायरीच्या मागे लागला. बाजूचं प्लॅस्टिक उचकटलं आणि आत हात घालून चाचपडत गेला. शेवटी एक बोल्ट लागला आणि त्याचं बोट भाजलं.

त्या बोल्टवर दोन वायरी होत्या. एक गाडीबरोबर आलेली, बारीक, काळी. दुसरी जाड, टोकाला पिवळी पट्टी गुंडाळलेली. पिवळी पट्टी त्या गावात एकटा तोच वापरायचा.

दोन वर्षांपूर्वी लिफ्ट बसवली तेव्हा नवं भोक पाडायचा त्याने कंटाळा केला होता. तयार बोल्ट दिसला, त्यावरच लिफ्टची वायर अडकवली, खालचा रंगही खरवडला नाही. रिकामी लिफ्ट काही कुरकुर करत नव्हती. पण भाची आणि तिची ती जड खुर्ची वर जायची तेव्हा सगळा करंट, त्याला अडवणाऱ्या त्या रंगावरून वाट काढायचा. बोल्ट तापायचा, सैल व्हायचा, आणि त्याच बोल्टवर भरवसा ठेवून असलेली बटणं गोंधळून झडप गरमच्या बाजूला सोडून द्यायची. दोन वर्षं ते थोडंथोडं जळत आलं होतं, आज पुरतं गेलं. सात तास त्याने कारखान्यावर संशय घेतला, भंगारवाल्यावर घेतला. पिवळ्या पट्टीच्या दिशेला तो वळलाच नव्हता.

प्लॅस्टिकच्या आड कुणाला काही दिसत नव्हतं. सैल बोल्ट होता एवढं सांगूनही भागलं असतं.

त्याने बटणांची वायर सोडवली, दुसरीकडे पत्रा चमकेपर्यंत खरवडला आणि ती तिथे आवळली. मागची हवा गार झाली आणि गार राहिली. लिफ्टच्या केबलचं टोक मात्र हातभर जळालं होतं. ते कापल्यावर केबल कुठल्याच चांगल्या पत्र्यापर्यंत पोचेना, आणि तसली जाड केबल गॅरेजात नव्हती. एक वाजायला दहा मिनिटं होती. थर्मामीटर अडतीस तीन.

"ताई," तो म्हणाला, "वायर माझीच होती. मी लावलेली. चुकीची लावलेली. भावोजींचं ऐकलं असतंस तर एव्हाना पोचला असता."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं की नाही, हे त्याला कळलं नाही.

"तिथे उतरवायची कशी?"

"लिफ्ट चालणार नाही. मी येतो. दोन फळ्या घेतो, त्यावरून खुर्ची खाली घेऊ. केबल तिथे मिळाली की जोडतो."

"मामा, दोघांनी मिळून मला पाडू नका म्हणजे झालं," भाची मागून म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"फळ्या आण," ताई म्हणाली. "आणि मागे बस. टॉवेल तू धर."

गाव मागे पडलं. भावोजी गाडी हाणत होते. मामा भाचीच्या शेजारी पत्र्यावर मांडी घालून बसला होता, एक हात तिच्या मानेवरच्या टॉवेलवर. थंड हवा तिच्या तोंडावर येत होती. तिने डोळे मिटले होते आणि ओठ कोरडे पडले होते. दोन बोटं मांडीवर निपचित होती. झोपेत की कशाने, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. अर्ध्या तासाने थर्मामीटर लावला: अडतीस तीन. तासाने पुन्हा लावला. तो वाजला. मामाने काढून डोळ्यांसमोर धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"किती?" ताईने पुढून विचारलं.

 सकाळपासून त्याने ज्यावर ज्यावर नजर टाकून ठीक आहे म्हटलं होतं, त्यातलं काहीच ठीक निघालं नव्हतं. त्याने सीटांच्या फटीतून थर्मामीटर तिच्याकडे दिला.

"तू वाच," तो म्हणाला. "माझ्या सांगण्यावर नको जाऊस."

ताईने चष्मा लावला.

"अडतीस एक," ती म्हणाली, आणि टॉवेल भिजवायला पाण्याची बाटली मागे दिली.